काढता येईल तेवढंच जोडायचं

बव्हेरियातलं इंगोलश्टाट भारतीयांना माहीत असतं ते मोटारींच्या कारखान्यामुळे. माझ्या व्यवसायातली माणसं हे गाव ओळखतात ते बव्हेरियन लष्करी संग्रहालयामुळे. १८७९ साली म्युनिकमध्ये स्थापन झालेलं हे संग्रहालय १९७२ पासून डॅन्यूबकाठच्या इथल्या राजवाड्यात आहे. तिथून सायकलने थोड्या अंतरावर माझी कार्यशाळा आहे. जुन्या चामड्याच्या आणि धातूच्या वस्तूंची डागडुजी हे माझं काम, आणि त्यात सर्वांत जास्त येतात ती जर्मन सैन्याची शिरस्त्राणं, १८४२ ते १९१८ या काळातली. हिवाळ्यातल्या एका दिवसाची ही नोंद.

सकाळी ७.३०

दार उघडलं की आधी आर्द्रतामापक पाहते. आज काटा ४४ वर आहे. मला तो ४५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये हवा असतो. बाहेर बर्फ पडायला लागलं की इमारतीचं हीटिंग जोरात चालतं, हवा कोरडी पडते आणि चामडं आकसायला लागतं. त्यावर घट्ट बसवलेला पितळेचा कणा, किनार, दर्शनी चिन्ह, यांतलं काहीच आकसत नाही. मग चामडं सर्वांत अशक्त जागी, म्हणजे झापडांच्या शिवणीवर, फाटतं. दिवाणखान्यात रेडिएटरच्या वरच्या फळीवर मांडलेली शिरस्त्राणं अशीच हळूहळू मरतात. तिथे कोणी त्यांना हात लावत नाही, धूळही पुसली जाते, आणि तरी दर हिवाळ्यात एकेक टाका सुटत जातो.

म्हणून दिवसाचं पहिलं काम ह्युमिडिफायरमध्ये पाणी भरणं. काटा सरकेपर्यंत एकही कपाट उघडत नाही.

सकाळी ८.१५

काल पार्सलने आलेलं खोकं उघडते. आत प्रशियन पायदळाची पिकेलहाउबे आहे, १८९५ च्या नमुन्याची. साच्यावर दाबून घडवलेलं, काळं रोगण चढवलेलं चामडं, कपाळावर येणारं पुढचं झापड, मानेवर उतरणारं मागचं झापड, दर्शनी बाजूला गरुडाचा पितळी पत्रा आणि माथ्यावर सुळका. राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याने १८४२ मध्ये हा टोप प्रशियाच्या सैन्याला दिला. तेव्हा तो उंच आणि जड होता. १८५७, १८६०, १८६७ असे नवे नमुने येत गेले तसा तो बुटका आणि हलका झाला. तोफखान्याच्या टोपावर सुळक्याच्या जागी गोळा आला. बव्हेरियाने मात्र स्वतःचा कलगीवाला टोप १८८६ पर्यंत सोडला नाही.

पहिला अर्धा तास मी कुठलंही हत्यार उचलत नाही. फक्त पाहते. दिवा एका बाजूला, जवळजवळ आडवा धरला की रोगणावरची प्रत्येक भेग आणि प्रत्येक चेप उठून दिसते. मागच्या झापडाच्या आत ठसे आहेत: रेजिमेंटचा क्रमांक, सैन्याच्या कपडेखात्याची खूण, वर्ष. पुसट आहेत, पण वाचता येतात. एखाद्या शिपायाने हा टोप घालून कवायत केली, दुसऱ्या वर्षी तो दुसऱ्याच्या डोक्यावर गेला, हे त्या ठशांच्या थरांतून कळतं.

मग गरुडाचा पत्रा. साध्या शिपायाच्या टोपावर तो मागे डाख दिलेल्या दोन कड्यांनी बसतो. कड्या चामड्याच्या भोकांतून आत येतात आणि त्यांत चामड्याच्या पाचरी ठोकलेल्या असतात. अधिकाऱ्यांच्या टोपाला त्याच जागी स्क्रू आणि नट असतात. मी आतून भोकं मोजते. दोन असायला हवीत, दोनच आहेत. तिसरं किंवा चौथं भोक दिसलं असतं तर कोणीतरी पत्रा बदलला, असं समजायचं. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग या प्रत्येक राज्याचं चिन्ह वेगळं होतं आणि दुर्मीळ राज्याच्या टोपाला बाजारात जास्त किंमत येते. म्हणून प्रशियाच्या टोपावर भलत्याच राज्याचा पत्रा चढवण्याचा उद्योग शंभर वर्षं चालू आहे.

शेवटी खोलीत अंधार करून अतिनील दिवा. शिवणीतले दोन टाके निळसर पांढरे चमकतात. आजच्या धाग्यांत चमक आणणारी रसायनं असतात, कैसरच्या काळातल्या लिननच्या दोऱ्यात ती नव्हती. म्हणजे मधे कधीतरी कोणीतरी हे झापड शिवलं आहे. वहीत लिहून ठेवते. ते टाके ताण घेत आहेत तोवर मी ते काढणार नाही.

सकाळी ९.३०

आता आधीपासून काम चालू असलेल्या दुसऱ्या टोपाकडे. याचं मागचं झापड इतकं आकसून वळलं होतं की शिवणीच्या दोन्ही कडा एकमेकींपर्यंत पोचत नव्हत्या. ओढून शिवलं तर चामडं भोकांपाशी फाटेल. जुने कारागीर अशा वेळी किटलीच्या वाफेवर टोप धरायचे. आज तसं का करू नये, याचं कारण चामड्यातच आहे. सालींच्या टॅनिनने कमावलेलं चांगलं चामडं ७५ अंशांच्या आसपास कायमचं आकसतं, पण शंभर वर्षांनी जीर्ण झालेल्या चामड्याचा हा अंश कितीतरी खाली आलेला असतो. वाफ लागली की ते क्षणात कडक होऊन बसतं आणि मग जगातला कोणताही उपाय चालत नाही.

म्हणून मी टोप बंद पेटीत ठेवला आहे. खाली ओलसर शोषक कापड, वर फक्त बाष्प जाऊ देणारा पडदा, त्यावर टोप. पाण्याचा थेंब चामड्याला शिवत नाही, ओलावा तासातासाने झिरपतो. आज झापड बोटाच्या दाबाला थोडं मान देतंय. मी त्याखाली फोमचा आकार सरकवते, वर छोटे वजनाचे चाप लावते, आणि पुढचा सेंटिमीटर उद्यावर टाकते. या टप्प्यावर घाई केली तर सगळा आठवडा वाया जातो.

जिथे कडा जुळल्या आहेत तिथे शिवण सुरू करते. नियम ठरलेला आहे: जुन्या भोकांतूनच लिननचा दोरा ओवायचा, नवं भोक पाडायचं नाही. म्हणून टोकदार आरी वापरत नाही, बोथट सुई वापरते. जिथे भोकंच फाटून एक झाली आहेत, तिथे आतून जपानी कागदाची पट्टी. तुतीच्या सालीपासून बनणारा हा कागद पातळ असूनही लांब धाग्यांचा असतो. आधी तो काळ्या-तपकिरी छटेत रंगवून घ्यायचा, मग गव्हाच्या स्टार्चच्या दाट खळीने चिकटवायचा. खळ यासाठी की उद्या कोणाला पट्टी काढायची झाली तर थोड्या ओलाव्याने ती सुटते. इपॉक्सी दहापट मजबूत असतं आणि नेमका तोच त्याचा दोष आहे. पुन्हा ताण आला की इपॉक्सी तुटत नाही, शेजारचं मूळ चामडं तुटतं.

सकाळी ११.१५

टेबल बदलते, हातमोजे बदलते. आता पितळ.

बव्हेरियन अधिकाऱ्याच्या टोपावर सिंहांचं राजचिन्ह आहे. त्याच्या कडेने, जिथे धातू चामड्याला टेकतो, हिरवं मेणासारखं काहीतरी फुगून आलंय. हे जंगाल आहे आणि त्यामागे जवळजवळ नेहमी कोणाची तरी माया असते. आधीच्या मालकांपैकी कोणीतरी चामडं मऊ राहावं म्हणून वर्षानुवर्षं तेल चोळलं. तेलातली आम्लं पितळेतल्या तांब्याशी लागली आणि हा हिरवा थर तयार झाला. त्याच तेलाने रोगण चिकट झालं आणि त्यावर धूळ बसली. चामड्याला तेल पाजू नका, असं मी प्रत्येक संग्राहकाला सांगते.

जंगाल बांबूच्या काडीने उचलायचं. पोलादी टोक लावलं की ओरखडा उठतो. उरलेलं कापसाच्या छोट्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन पुसते, पण बोळा चामड्याला लागता कामा नये. रोगणात लाख असेल तर स्पिरिटने ते विरघळेल. म्हणून पत्र्याखाली पातळ प्लास्टिकची फिल्म सरकवलेली असते.

त्यापुढे मी जात नाही. दुकानात मिळणारं पितळेचं पॉलिश या खोलीत येत नाही. अधिकाऱ्याच्या पत्र्यावर सोन्याचा मुलामा असतो, केसाहून कितीतरी पातळ. एका उत्साही रविवारी तो घासून जातो आणि खालचं पितळ लखलखतं. मालकाला वाटतं, टोप नवा झाला. प्रत्यक्षात त्या दिवशी त्या टोपाचा अधिकारी पुसला गेलेला असतो.

दुपारी १२.४५

डबा उघडते. माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी समोर बसते. ती इथल्याच खेड्यातली, तिच्या पणजोबांचे भाऊ पहिल्या महायुद्धातून परतले नाहीत. आज तिने सरळ विचारलं, "हे युद्धाचं सामान. याला आपण इतकं का जपायचं?"

मी तिला मनापासून जे वाटतं तेच सांगितलं. हा टोप दिमाखासाठी होता. हाइनरिश हाइनेने १८४४ मध्येच आपल्या दीर्घकाव्यात त्याची टर उडवली होती. तरीही १९१४ मध्ये लाखो तरुण तोच डोक्यावर घेऊन गेले. चमक दिसू नये म्हणून वर राखाडी-हिरव्या कापडाची खोळ होती आणि तिच्यावर रेजिमेंटचा आकडा. चामडं पावसापासून वाचवत होतं, तोफगोळ्याच्या तुकड्यापासून नाही. ब्रिटिश नाकेबंदीमुळे परदेशी कातडी येणं थांबलं आणि सैन्य तर रोज वाढत होतं, तेव्हा हेच टोप नमद्याचे, पत्र्याचे बनू लागले. टोप्यांच्या कारखान्यात बनलेला नमद्याचा टोप घालून एकोणीस वर्षांचा मुलगा खंदकात उभा राहिला. राज्यकर्त्यांना आपली माणसं किती स्वस्त वाटत होती, हे त्या नमद्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही भाषणातून कळत नाही. पण तो नमदा खरा असेल तरच. आम्ही तो नीटनेटका, चकचकीत करून ठेवला तर त्याची साक्षच बाद होईल.

तिने मान हलवली आणि विचारलं, मग फाटलेलं शिवायचं तरी का? कारण फाट वाढत जाते. वाढणारी फाट थांबवणं आणि जुनी जखम झाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोन्हींमधला फरक ओळखायला शिकणं म्हणजेच हे काम शिकणं.

दुपारी १.३०

श्टालहेल्म. १९१६ चा पोलादी टोप, मानेजवळ आतल्या बाजूला ET64 असा ठसा: हार्त्स पर्वतातल्या थालेचा लोखंडी कारखाना, माप ६४.

१९१५ मध्ये शल्यचिकित्सक आउगुस्ट बीअर यांच्या लक्षात आलं की मेंदूच्या भयंकर जखमा पुष्कळदा अगदी लहान तुकड्यांनी होतात. साध्या पोलादी कवचाने ते तुकडे अडले असते. हानोव्हरच्या तांत्रिक विद्यापीठातले फ्रीडरिश श्वेर्ड यांनी मग कानावर आणि मानेवर उतरणारा आकार आखला. १९१६ च्या सुरुवातीला, व्हर्दूनच्या लढाईत हे टोप आघाडीवर पोचले. पोलादाची जाडी सुमारे एक मिलिमीटर, वजन मापाप्रमाणे साधारण एक किलो ते एक किलो चारशे ग्रॅम. बाजूंना पुढे आलेले दोन खुंट हवेसाठी आहेत आणि पहारेकऱ्याने कपाळावर जाड पोलादी पाटी अडकवावी यासाठीही. पाटी एकाच मापाची होती, म्हणून लहान टोपांचे खुंट जास्त लांब केले गेले.

मला या टोपात सर्वांत जास्त भावणारी गोष्ट म्हणजे हनुवटीच्या पट्ट्याची बटणं. ती १८९१ ची, चामडी टोपावरचीच आहेत. सगळा टोप बदलला, पण पट्टे आणि बटणं आधीपासून होती, म्हणून तीच पोलादावर रिव्हेट केली. १९१८ मध्ये पट्टा आतल्या अस्तराला जोडेपर्यंत हे चाललं. सकाळच्या टोपावरचं बटण दुपारच्या टोपावर पाहिलं की दोन युगांमधला सांधा बोटाला लागतो.

आजच्या टोपावर रंगीत ठिगळं आहेत: पिवळट, हिरवी, तपकिरी, मधे बोटभर काळी रेघ. जुलै १९१८ मध्ये असं रंगवण्याचा आदेश निघाला होता. रंगीत टोपांना साध्यापेक्षा खूप जास्त पैसे मिळतात, म्हणून नकलाही भरपूर. भिंगाखाली कडेचा टवका पाहते: आधी गंज, गंजावर रंग. मूळ रंगावर नंतर गंज चढायला हवा होता, इथे उलटं आहे. क्ष-किरण यंत्राने रंगात टायटॅनियमही दाखवलं. टायटॅनियमचा पांढरा रंग सर्रास वापरात आला तो त्या युद्धानंतर. टोप खरा आहे, रंग नंतरचा. मालकाला वाईट वाटेल, पण अहवालात हेच लिहिणार. रंग खरवडणार मात्र नाही, कारण खाली फेल्डग्राउ, म्हणजे मूळ राखाडी-हिरवा रंग, किती उरलाय ते समजल्याशिवाय खरवडणं म्हणजे तोही गमावणं. आत जिथे गंज सैल आहे तिथे तो ब्रशने काढते, टॅनिक आम्लाचा हात देते, वर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर. जुन्या रंगांत शिसं असतं, म्हणून तोंडावर मास्क आणि धुळीसाठी फिल्टरचा व्हॅक्यूम.

दुपारी ३.३०

एक संग्राहक आले आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे १९१५ च्या नमुन्याचा टोप आहे: पितळेऐवजी राखाडी लोखंडाचे भाग, आणि सुळका काढता येईल अशी रचना. सुळका गायब आहे. त्यांनी जुन्या बाजारातून पितळी सुळका आणलाय, आधीच्या नमुन्याचा. "हा बसवून द्याल का? सुळक्याशिवाय टोप उघडाबोडका दिसतो."

मी त्यांना माथ्यावरची रिकामी गळपट्टी दाखवली. खंदकाच्या वर सुळका दिसला की शत्रूला नेम सापडतो, म्हणून आघाडीवर तो उतरवायचा, यासाठीच १९१५ ची ही रचना होती. तुमच्या टोपाला सुळका नाही म्हणजे त्यात काही उणं आहे, असं समजू नका; तो ज्या हुकमाखाली वापरला गेला तो हुकूम तुमच्यासमोर आहे. पितळी सुळका बसवायला मला मूळ लोखंड कापावं लागेल. ते मी करणार नाही. त्याच नमुन्याचा राखाडी सुळका मिळाला तर आनंदाने लावू, कारण तो फिरवून पुन्हा काढता येतो, आणि कार्डावर लिहू की तो या टोपाचा नाही.

ते बराच वेळ टोप हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "राहू दे असाच." या कामातला सर्वांत मोठा आनंद मला अशा वेळी मिळतो.

एवढ्यात फोन. एकाला फ्रान्समधल्या जुन्या रणांगणात जमिनीखाली सापडलेला टोप साफ करून हवाय. परवानगीचा कागद नाही. मी नाही म्हणते आणि कारणही सांगते. त्या मातीत अजून न फुटलेले गोळे आहेत आणि अजून न सापडलेली माणसं आहेत. टोपाजवळ ओळखीचा बिल्ला असेल तर त्या माणसाला नाव मिळू शकतं. १९१९ पासून जर्मन युद्धकबरींची संस्था हे काम करते आहे. टोप उचलून विकणारा तो शेवटचा धागा तोडतो. नाझी काळातले टोपही मी घेत नाही. जर्मन दंडसंहितेचं कलम ८६अ नाझी चिन्हांच्या जाहीर वापराला बंदी घालतं. माझ्या टेबलावर ती खाजगीतही नकोत.

दुपारी ४.४५

दिवसातला शेवटचा टोप इंग्लंडहून आलाय. प्रशियन पायदळ, आतलं अस्तर सुटलेलं. घुमटाच्या आत कागदाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. त्यावर पुसट शाईत जागा आणि वर्ष: नव्ह शापेल, १९१५. युद्धात मिळालेली निशाणी म्हणून कोणीतरी घरी नेलेला टोप.

ते नाव वाचून मी थांबते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधल्या नव्ह शापेल या गावावर जो हल्ला झाला, त्यात ४७ वी शीख पलटण होती आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. खोदकाम आणि पूलबांधणी शिकलेल्या त्या जवानांना पायदळासारखं गावात घुसवलं गेलं आणि त्यांची जबर हानी झाली. पुढे मार्च १९१५ मध्ये तिथेच मोठी लढाई झाली. तिकडच्या डोक्यावर चामडं होतं, इकडच्या डोक्यावर फेटा किंवा कापडी टोपी. पोलाद तेव्हा कोणाकडेच नव्हतं. आज तिथे १९२७ मध्ये उभारलेलं भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. पुण्याहून युरोप पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, पॅरिसहून एक दिवस काढा आणि तिथे जा.

चिठ्ठीचा एक कोपरा सुटलाय. ती टोपाबरोबर कारखान्यातून आलेली नाही, म्हणून काहीजण ती काढून टाकतील. मी कोपऱ्याखाली खळ लावून शोषकागद दाबून ठेवते. कोणी टोप बनवला हे ठशांतून कळतं, तो कोणाच्या हाती कुठे पडला हे फक्त या चिठ्ठीवर आहे. १९१९ मध्ये अमेरिकेने कर्जरोख्यांच्या मोहिमेसाठी न्यू यॉर्कमध्ये बारा हजारांहून जास्त पिकेलहाउबे रचून मनोरा उभा केला होता. तसे गोदामातून उचललेले, कोणीच न घातलेले टोप दिसायला अधिक सुंदर असतात. मला त्यांच्यापेक्षा हा चिठ्ठीवाला अधिक मोलाचा वाटतो.

सायंकाळी ६.००

शेवटचा तास लिहिण्याचा. प्रत्येक टोपाचा कागद वेगळा. आधीची छायाचित्रं, नंतरची छायाचित्रं, कुठला कागद, कुठली खळ, किती टाके, कुठल्या भोकांतून. शेवटचा रकाना मी स्वतः वाढवला आहे: "हे परत कसं काढायचं?" तो रकाना भरता येत नसेल तर ते काम मी केलेलं नसतं.

पन्नास वर्षांनी दुसरं कोणी यातला एखादा टोप उघडेल. त्याच्याकडे माझ्यापेक्षा चांगलं यंत्र असेल, चांगला गोंद असेल आणि त्याला असे प्रश्न पडतील जे आज मला सुचतही नाहीत. त्याला माझं काम नकोसं वाटलं तर तासाभरात ते बाजूला करता यावं आणि खाली मूळ चामडं, मूळ ठसा, मूळ फाट जशीच्या तशी मिळावी. युद्धाबद्दल पुढच्या माणसांनी काय म्हणावं हे ठरवणं माझं काम नाही. ते ठरवायला लागणारा पुरावा त्यांच्यापर्यंत धड पोचवणं हे माझं काम आहे, आणि ते करण्यासाठी कमीत कमी हात लावणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त शिकावं लागतं.